पडदा अचानक रुंद होतो तेव्हा: 'ब्रेनस्टॉर्म'बद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर मी जाता जाता 'ब्रेनस्टॉर्म' या १९८३ च्या इंग्रजी पिक्चरचं नाव घेतलं होतं. माणसाच्या डोक्यात चाललेलं सगळं टेपवर उतरवणाऱ्या मशीनची गोष्ट, आणि आज ती कुणाच्या लक्षातही नाही, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की आजचं अख्खं पान त्यालाच दिलंय. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी आयुष्यभर लातूरकडच्या टॉकीजांत ऑपरेटर होतो, प्रोजेक्टरच्या उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जाळून पिक्चर दाखवायचो त्या काळापासून, त्यामुळं मी पिक्चरबद्दल बोलायला लागलो की केबिनमधून बोलल्यासारखं बोलतो, सवय आहे.

परभणीहून एक वाचक: काका, नाव पहिल्यांदाच ऐकलं. गोष्ट काय आहे आणि आता चाळीस वर्षांनी बघायचा कशाला? घरचे म्हणायलेत, जुने कॉम्प्युटर बघून हसू येईल.

भाऊ, हसू येत नाही, मी नातवाला सोबत घेऊन बघितलाय. थोडक्यात सांगतो. अमेरिकेतली एक कंपनी आहे, तिथं लिलियन नावाची मोठी शास्त्रज्ञ बाई आणि तिचा जोडीदार मायकल मिळून एक टोप बनवतात, डोक्यावर घातला की तुम्ही जे बघताय, ऐकताय, चाखताय ते सगळं एका चकचकीत टेपवर उतरतं, आणि दुसऱ्यानं तीच टेप लावली की त्याला ते सगळं जसंच्या तसं होतं. नुसतं दिसत नाही बरं का, होतं. एकानं खाल्लं की चव दुसऱ्याच्या जिभेवर. मायकलची बायको कॅरन त्याच कंपनीत डिझायनर आहे, दोघांचं जुळत नाही, घर विकायला काढलंय, आणि त्याच बाईवर तो अवजड टोप लोकांना डोक्यावर घालता येईल असा हलका, देखणा करायचं काम येतं.

मग चाचण्या चालू असताना त्यांना कळतं की टेपवर नुसतं दिसणं-ऐकणं उतरत नाही, मनातला राग-लोभही उतरतो. पिक्चर इथं खरा सुरू होतो, माझ्या मते. मायकल बायकोसाठी स्वतःच्या आठवणींची एक टेप बनवतो आणि तिला देतो. तोंडानं सॉरी म्हणत नाही, समजावत नाही, वाद घालत नाही. ती टोप घालते आणि त्याच्या डोक्यातून स्वतःला बघते, की या माणसाला मी कशी दिसत होते, आमचं चांगलं चाललं होतं तेव्हा याच्या मनात काय होतं. आपल्याकडं नवरा-बायकोचं भांडण झालं की दोन्हीकडची माणसं बसवून बैठक घेतात ना, आणि त्या बैठकीत प्रत्येकजण आपलंच खरं करतो, तसल्या दहा बैठकींत जे होत नाही ते त्या एका टेपनं होतं. मला तर वाटतं मन टेपवर भरायच्या मशीनचा एवढा चांगला उपयोग त्याच्यानंतरच्याही कुठल्या पिक्चरनं दाखवला नाही. १९९५ चा कॅथरिन बिगेलोचा 'स्ट्रेंज डेज' जवळपास याच मशीनवर आहे, पण तिथं ते मशीन गुन्ह्याकडं आणि नशेकडं जातं. इथंही ते आहे, कंपनीतला एक माणूस एका टेपचा तोच तो तुकडा जोडून गोल फिरवत राहतो आणि पार कोलमडतो, मिलिटरीवाले येतात, मशीनचं हत्यार करायला बघतात, कंपनीचे लोक मायकललाच बाहेर काढतात. तो सगळा भाग ठीक आहे, थोडा पळापळीचा आहे, शेवटाकडं कारखान्यातले रोबो पिसाळतात तो सीन तर मला आजही उगीच लांबवलेला वाटतो. पण पिक्चरचं काळीज त्यात नाही.

काळीज दोन ठिकाणी आहे, एक ती बायकोची टेप आणि दुसरं लिलियनचं मरण. लिलियन सतत सिगारेट ओढणारी, एकटी राहणारी, कामाला वाहिलेली बाई. रात्री लॅबमध्ये एकटी असताना तिला हार्ट अटॅक येतो, फोनवरून मदत मिळत नाही, आपण वाचत नाही हे तिला कळतं, आणि ही बाई तशा कळांमध्ये सरकत सरकत मशीनपाशी जाते, टोप डोक्यावर चढवते, टेप चालू करते. स्वतःचं मरण रेकॉर्ड करते. हे काम लुईज फ्लेचरनं केलंय. १९७५ च्या पिक्चरमधल्या कडक नर्ससाठी तिला ऑस्कर मिळालं होतं, लोक तिला तेवढ्यानंच ओळखतात, पण माझं मत विचाराल तर हे काम त्याहून मोठं आहे. रडारड नाही, मोठं संगीत नाही, दुखतंय आणि काम करायचंय, बस. मी हा सीन तीनदा बघितलाय, तिन्ही वेळा नंतर थोडा वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

पुढची गोष्ट म्हणजे ती टेप कोण बघणार, आणि बघणाऱ्याचं काय होणार. तेवढी तुम्हीच बघा.

नांदेडहून इंजिनीअरिंगची एक विद्यार्थिनी: सर, मी लॅपटॉपवर बघितला. चित्र मधेच लहान होतं, चारी बाजूंनी काळं, आणि मधेच मोठं होतं. मला वाटलं फाईल खराब आहे. प्रिंटच तशी आहे का?

पोरी, तू विचारलंस म्हणून बरं झालं, कारण हाच या पिक्चरचा जीव आहे आणि नेमका तोच आपल्याकडं कुणापर्यंत पोचला नाही. फाईल खराब नाही. तो माणूस तसाच पिक्चर करून गेलाय.

तो माणूस म्हणजे डग्लस ट्रंबुल. '२००१: अ स्पेस ओडिसी' मधला तो रंगांच्या बोगद्यातला प्रवास ज्यानं बनवला तो, पुढं १९७७ चा 'क्लोज एन्काउंटर्स', १९८२ चा 'ब्लेड रनर', या सगळ्यांतल्या करामती त्याच्या. पण त्याला दुसऱ्यांच्या पिक्चरमध्ये करामती करत बसायचं नव्हतं. त्याला सिनेमा दाखवायची पद्धतच बदलायची होती, आणि ऑपरेटर म्हणून मला तो जवळचा वाटतो तो यामुळंच.

बघ, आपण टॉकीजात पिक्चर दाखवतो तो सेकंदाला २४ फ्रेमनं, म्हणजे २४ चित्रं. प्रोजेक्टरमधून ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं, एवढ्या वेळात आम्ही दुसऱ्या मशीनचे कार्बन नीट करून, पुढचं रीळ चढवून, चहा पिऊन मोकळे व्हायचो. ट्रंबुलनं काय केलं, ७० एमएमची रुंद फिल्म घेतली आणि सेकंदाला ६० फ्रेमनं पळवली. त्याला नाव दिलं शोस्कॅन. आणि नुसतं नाव देऊन थांबला नाही, वेगवेगळ्या स्पीडनं फिल्म दाखवून बघणाऱ्या लोकांच्या अंगाला तारा लावल्या, मेंदूच्या लहरी, हातापायाचे स्नायू, त्वचेवरचा घाम, हे सगळं मोजलं, की कुठल्या स्पीडला माणसाचं अंग जास्त जागं होतं. साठपाशी येईपर्यंत ते चढत गेलं. म्हणजे मेंदू टेपवर उतरवायची गोष्ट सांगणाऱ्या माणसानं स्वतःच प्रेक्षकांच्या डोक्याला तारा लावल्या होत्या!

त्याचा बेत असा होता की पिक्चरची साधी गोष्ट साध्या फिल्मवर, आणि ज्या क्षणी पात्र टोप घालतं त्या क्षणी पडद्यावर शोस्कॅन. म्हणजे बघणाऱ्यालाही वाटावं की आत्तापर्यंत मी पिक्चर बघत होतो आणि आता मी तिथं आहे. पण विचार कर, ७० एमएम साठ फ्रेमनं पळवायची म्हणजे मिनिटाला साधारण २८० फूट. तेच दोन हजार फुटांचं रीळ सात मिनिटांत संपणार. एकेका टॉकीजात वेगळं प्रोजेक्टर बसवावं लागणार. पिक्चर काढणारी एमजीएम कंपनी एवढ्या खर्चाला तयार झाली नाही. मग त्यानं तडजोड केली: साधे सीन ३५ एमएमवर, पडद्याच्या मधल्या भागातच, उंचीच्या दीडपटीहून थोडे जास्त रुंद, आणि टेपवरचे सीन ७० एमएमवर, उंचीच्या दुपटीहून जास्त रुंद, पडदाभर. आवाजही तसाच, साध्या सीनमध्ये समोरून येणारा आणि टेप लागली की सगळीकडून अंगावर येणारा. स्पीड गेला, रुंदी वाचली.

म्हणून तुझ्या लॅपटॉपवर ते लहान-मोठं होतंय. बहुतेक पिक्चरवाले उलटं करतात बघ, आठवण किंवा स्वप्न आलं की चित्र धूसर करतात, कडा पांढुरक्या करतात. ट्रंबुलचं म्हणणं असं की डोक्यातलं जग धूसर कशाला असेल, ते तर बाहेरच्या जगाहून जास्त लख्ख असतं. मला हे पटतं. माझ्या आजोळच्या वाड्यातला ढाळजेतला झोका मला आत्ता समोर पडलेल्या चष्म्याच्या डबीपेक्षा जास्त नीट दिसतो.

आता मी हा पहिल्यांदा कसा बघितला ते सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रात्रीपुरता भाड्यानं मिळायचा, गणपतीत तर नंबर लावावा लागायचा. अशीच एक कॅसेट हाताला लागली, कॉपीवरून काढलेली कॉपी. टीव्ही चौकोनी, चारास तीनचा. त्या काळी टीव्हीसाठी पिक्चर भरताना दोन्ही कडा कापून टाकायचे, म्हणजे साधा सीनही तेवढाच आणि टेपवरचा सीनही तेवढाच. टोप घातला तरी काही बदललं नाही. मी म्हटलं, असलं काय मशीन, घातल्यावर वेगळं काय दिसायलंय ते तर कळूच देत नाहीत. कंटाळून झोपलो. पुढं बऱ्याच वर्षांनी एका मुलानं डिस्क आणून दिली, त्यात रुंदी जशीच्या तशी ठेवलेली होती, आणि रोलर कोस्टरचा सीन लागला तेव्हा मी खुर्चीचे हात धरले. तेव्हा कळलं की पहिल्या वेळी मी पिक्चर बघितलाच नव्हता. आपल्याकडं ज्यांनी बघितला त्यातल्या बहुतेकांचं असंच झालं असणार, आणि मग लोक म्हणणार की ठीकठाक आहे, विसरून गेलो. विसरणारच की, दाखवलाच नाही तर.

म्हणून एक काम कर. लॅपटॉपवर नको. कॉलेजात प्रोजेक्टर असेल तर रात्री खोलीत अंधार करून भिंतीवर किंवा पांढऱ्या चादरीवर लाव, चित्राच्या बाहेरचा काळा भाग दिसला तर दिसू दे, झूम करून तो घालवू नको. त्या काळ्या भागातच पुढचं सगळं उघडणार आहे.

अंबाजोगाईहून एक ताई: यातली हिरॉईन शूटिंग चालू असतानाच वारली असं वाचलं. मग पिक्चर पुरा कसा केला? मला असं वाचून बघावंसं वाटेना.

ताई, तुमचं वाटणं बरोबर आहे आणि मलाही बघताना ते जाणवत राहतं. कॅरनचं काम करणारी नॅटली वूड २९ नोव्हेंबर १९८१ ला कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटापाशी समुद्रात बुडून गेली. शूटिंगला सुट्टी होती, नवरा आणि याच पिक्चरमधला मायकल, म्हणजे क्रिस्टोफर वॉकन, यांच्यासोबत ती बोटीवर गेली होती. वय ४३. त्या रात्रीबद्दल लोक आजही लिहितात, बोलतात, मला त्यात जायचं नाही, तिच्या माणसांचं दुःख आहे ते.

पिक्चरचं झालं असं की तिचे बहुतेक सीन झालेले होते. तरी एमजीएम कंपनीचं म्हणणं पडलं की आता बंद करा, विम्याचे पैसे घेऊ. ट्रंबुल अडून बसला की पिक्चर पुरा होऊ शकतो, आणि शेवटी पुरा करायला पैसे लावले ते विमेवाल्या लॉइड्सनं. राहिलेलं काम दुसरी बाई उभी करून, कॅमेरा पाठीमागून ठेवून, काही लिखाण बदलून उरकलं. ती गेल्यावर जवळपास दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९८३ ला पिक्चर लागला. शेवटी पडद्यावर 'नॅटलीला' अशी अर्पणाची ओळ येते. चालला नाही. लोकांच्या तोंडी पिक्चरपेक्षा तिच्या मरणाचीच चर्चा होती. आणि ट्रंबुल एवढा दुखावला की त्यानं हॉलिवूडसाठी पुन्हा मोठा पिक्चर दिग्दर्शित केला नाही. लहानपणापासून पडद्यावर असलेली बाई, आणि तिचा शेवटचा पिक्चर हा, की माणूस गेल्यावर त्याच्या डोक्यातलं काय उरतं. तुम्ही बघा असा आग्रह मी करणार नाही. पण बघितलात तर ती टोप डोक्यावर घालून नवऱ्याची टेप बघत बसलेली असते तो सीन बघा, तिच्या चेहऱ्यावर काय काय होऊन जातं ते बघा. तेवढं तिच्याजवळचं, तिनं दिलेलं आहे.

छत्रपती संभाजीनगरहून ईईजी (मेंदूच्या लहरी मोजणारं मशीन) टेक्निशियन: मी रोज पेशंटच्या डोक्याला तारा लावतो. पिक्चर आवडला. पण खरं सांगा, असं मशीन कधी होईल का? पेशंटचे नातेवाईकही विचारतात, यात त्याच्या मनातलं दिसतं का म्हणून.

तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, मी आपलं वाचून सांगतो, चुकलो तर कळवा.

माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा लहरी कागदावर घेतल्या जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर या डॉक्टरनं, १९२४ मध्ये, आणि घाबरत घाबरत छापल्या १९२९ मध्ये. म्हणजे १०० वर्षं झाली. तुमच्या मशीनवर वीस-एकवीस तारा असतात आणि डोक्यात पेशी आहेत सुमारे ८,६०० कोटी. माळेगावच्या यात्रेच्या बाहेर रोडवर उभं राहिलं तर आत गर्दी आहे, गोंधळ आहे, आता पालखी निघाली, आता शांत झालं, एवढं कळतं. पण आत घोड्याच्या बाजारात कोण कुणाला किती भाव सांगायलाय ते रोडवरून कसं कळणार? नातेवाइकांना हेच सांगा, त्यांना लगेच कळेल.

तरी मागच्या वीसेक वर्षांत लोक लई पुढं गेलेत. २०११ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या जॅक गॅलंटच्या टीमनं एमआरआयमध्ये माणसांना तासन् तास व्हिडिओचे तुकडे दाखवले, मेंदूत रक्त कुठं कसं जातंय ते मोजलं, आणि मग नवीन तुकडा दाखवून नुसत्या मोजमापावरून कॉम्प्युटरला विचारलं की हा माणूस काय बघतोय सांग. कॉम्प्युटरजवळ १ कोटी ८० लाख सेकंदांचे दुसरे व्हिडिओ होते, त्यातले जुळणारे एकावर एक ठेवून त्यानं चित्र बनवलं. धुरकट, पण माणूस उभा आहे तर तिथं माणसासारखं काहीतरी आलं. मशीनमध्ये झोपलेली माणसं टीममधलीच होती, कारण एवढा वेळ कोण झोपणार! नंतर २०२३ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या लोकांनी असंच बोलण्याचं केलं, ऐकलेल्या गोष्टीचा सारांश मेंदूवरून काढला, त्याला एकेका माणसाला सोळा सोळा तास ऐकवत बसावं लागलं. आणि त्यात एक चांगली गोष्ट निघाली: एकाच्या मेंदूवर शिकलेलं दुसऱ्यावर चालेना, आणि माणसानं मुद्दाम मन दुसरीकडं नेलं की मशीनला काही कळेना.

म्हणजे उतरवून घ्यायचं काम अर्धमुर्धं होतंय. पण पिक्चरमधलं मशीन दोन कामं करतं, आणि दुसरं काम जास्त अवघड आहे, दुसऱ्याच्या डोक्यात भरणं. त्याच्या जवळ जाणारं एक जुनं उदाहरण आहे. मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफील्ड नावाचे सर्जन फिटच्या पेशंटचं डोकं उघडून, पेशंट जागा असताना, मेंदूच्या कानाजवळच्या भागावर हलका करंट द्यायचे, तर काही पेशंट म्हणायचे गाणं ऐकू यायलंय, आई हाक मारायलीय. पण ती त्यांचीच आठवण होती, दुसऱ्याची नाही. तुमची टेप माझ्या डोक्यात लावायची तर तुमचा 'आंबा' आणि माझा 'आंबा' एकाच जागी ठेवलेला पाहिजे, आणि तो तसा नसतो, तुमच्या आयुष्यानं तुमचा ठेवला, माझ्या आयुष्यानं माझा. मला वाटतं पिक्चरनं हा मुद्दा सोडून दिलाय, आणि सोडला नसता तर पिक्चरच झाला नसता.

एक गोष्ट मात्र वाचून मी सुन्न झालो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एक शोधनिबंध आला. ८७ वर्षांचे एक पेशंट, फिट येत होत्या म्हणून ईईजी चालू होता, आणि चालू असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं. म्हणजे मरणाच्या आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग मशीनवर राहून गेलं, कुणी ठरवलेलं नव्हतं. त्यात हृदय थांबायच्या आधी आणि नंतर तीसेक सेकंद, आठवणी काढताना दिसतात तशा जातीच्या लहरींचा जोर दिसला. एकच पेशंट, मेंदूला मार लागलेला, औषधं चालू, त्यामुळं त्यावरून मरताना सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं असं कुणी सांगितलं तर मानू नका, लिहिणारेही ती नुसती शक्यता म्हणूनच बोलतात. पण लिलियनची टेप कागदावर का होईना, तुमच्यासारख्या एका टेक्निशियनच्या मशीनवर उमटून गेली. आणि त्याच महिन्यात, ७ फेब्रुवारीला, ट्रंबुल वारले. लुईज फ्लेचरही त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या.

जालन्याहून: पोरांना दाखवावा का? आणि शेवटी स्वर्ग-नरक दाखवलाय म्हणे, ते कशाला?

दहावीच्या पुढच्यांना दाखवा, एक-दोन सीन मोठ्यांचे आहेत आणि मायकलचा लहान मुलगा चुकून वाईट टेप लावतो तो भाग लहान पोरांना भिववेल. शेवटाबद्दल सांगायचं तर मूळ कल्पना ब्रूस जोएल रूबिन यांची, त्यांनीच पुढं १९९० चा 'घोस्ट' लिहिला आणि ऑस्कर घेतलं. तरुणपणी ते भारत-नेपाळकडं भटकून गेलेले, त्यामुळं मेल्यावर पुढं काय हा प्रश्न त्यांना सोडत नाही. शेवटचा प्रकाशाचा आणि पंखवाल्या आकृत्यांचा भाग मला फार पटला नाही, पण त्याच्या आधी आठवणींचे बुडबुडे तरंगतात, प्रत्येक बुडबुड्यात एकेक प्रसंग, ते फार सुंदर आहे. जेम्स हॉर्नरचं संगीत तिथं आवाज मोठा करून ऐका.

औसा तालुक्यातून एक वाचक ताई: काका, पिक्चर नवऱ्यासोबत बघितला. माझे सासरे किल्लारीचे. भूकंपात त्यांची आई, पहिली बायको आणि एक मुलगी गेली. ते त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलत नाहीत. आता वय झालंय. नवरा म्हणाला, असं मशीन असतं तर आपण बाबांचं डोक्यातलं उतरवून घेतलं असतं. मला भीती वाटली. तुम्हाला काय वाटतं?

ताई, तुमचं पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा येऊन झोपलेले, आणि घरं दगड-मातीची, जाड भिंतींची, वर मातीचं वजनदार माळवद. मी लातूरला होतो. मांडणीवरची भांडी खाली आली, आम्ही रस्त्यावर उभे राहिलो, आणि उजाडल्यावर तिकडून येणाऱ्या लोकांचे चेहरे बघितले. बाकी मी सांगण्यासारखं काही नाही, तुमच्या सासऱ्यांनी जे बघितलं त्याच्यापुढं माझं काहीच नाही. पिक्चरची तारीख मी वर लिहिली ना, तेव्हाच हात थांबला होता. बरोबर दहा वर्षांनी तीच तारीख.

मी मशीन असतं तरी नको म्हटलं असतं, आणि कारण पिक्चरमध्येच आहे. मायकल पहिल्यांदा लिलियनची टेप लावतो तेव्हा टेप सगळंच देते, तिच्या छातीतली कळसुद्धा, आणि त्याचं स्वतःचं हृदय थांबायला येतं. मग तो काय करतो, हृदयाच्या आणि श्वासाच्या तारा काढून टाकतो आणि पुन्हा बघतो. तेव्हा कुठं जिवंत राहून बघता येतं. तुमच्या सासऱ्यांच्या डोक्यातल्या तारा कुणी काढल्या नाहीत ताई. त्यांना ते आठवतं तेव्हा सगळ्या तारांसकट आठवत असणार. ती टेप त्यांनी आत ठेवून दिलीय आणि स्वतः वर बसलेत, आणि त्याच्यातूनच त्यांनी पुन्हा घर उभं केलं, तुमचा नवरा वाढवला. ते न बोलणं म्हणजे काही लपवणं नाही. तुम्हा लोकांपर्यंत ती कळ येऊ नये म्हणून ते तिथं बसलेत असं मला वाटतं.

पण तुमचा नवरा म्हणतो त्यातही खरं आहे. बाप जाईल आणि त्याच्याबरोबर आजी जाईल, मोठी आई जाईल, ती बहीण जाईल, जिला यानं कधी बघितलंच नाही. पत्रात तिचं नाव तुम्ही लिहिलं नाही, कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. त्या पोरीचं मरण सासऱ्यांच्या डोक्यात आहे तसं तिचं चालणं-बोलणंही आहे, आणि आता तेवढंच आहे, दुसरीकडं कुठंच नाही. मरणाला हात न लावता ते मागता येतं.

तर असं करा. मुद्दाम बसवू नका, समोर माईक ठेवून मुलाखत तर अजिबात नको. त्यांना आधी सांगा की बाबा, तुमचा आवाज फोनमध्ये ठेवून घेतो, चालेल का, आणि नाही म्हणाले तर विषय सोडा. हो म्हणाले तर फोन उशाजवळ ठेवा, पंखा बंद करा, पंख्याचा आवाज फार येतो. जेवणानंतर ते बाजेवर पडले की नवऱ्याला म्हणावं पाय दाबत बसा. त्या रात्रीचं विचारू नका. जुन्या किल्लारीत आपलं घर कुठं होतं, दार कुठल्या दिशेला होतं, पाणी कुठून आणायचे, शेजारी कोण, माळवदावर उन्हाळ्यात कोण कुठं झोपायचं, आजी भाकरी कशी थापायची, असं विचारा. बोलता बोलता ते आपल्या मनानं त्या रात्रीपाशी आले तर येऊ द्या, तिथून मागं फिरले तर फिरू द्या. मधे गप्प बसले तरी रेकॉर्डिंग बंद करू नका. ते गप्प बसणंही त्यांचंच आहे, आणि तुमच्या पोरांना पुढं कधीतरी तेही ऐकावंसं वाटेल.

आणि झालेलं रेकॉर्डिंग एकाच फोनमध्ये ठेवू नका, दोन ठिकाणी काढून ठेवा. माझ्या वडिलांच्या भजनाची एकच कॅसेट होती, पावसाळ्यात बुरशी लागली आणि गेली. पहिली तीन-चार मिनिटं तेवढी वाचली, त्यात ते टाळ शोधतायत आणि आईला म्हणतायत, अगं कुठं ठेवलेस.